नानांच्या ढाबळीचा बंदोबस्त

दिवाळी सरली की नाना परसात उभे राहत, बोट जिभेला लावून वर धरत आणि डोळे मिटून वाऱ्याची दिशा ठरवत. वारा कुठूनही येवो, निकाल ठरलेला असे. "उत्तरेचा! विचारा मास्तरांना." मास्तर म्हणजे मी. धुळ्यात त्यांच्या ओट्यालगतच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. खोली चांगली होती, शाळा जवळ होती, म्हणून मी होकाराची मान हलवत असे.

नाना कचेरीत अव्वल कारकून होते. पेन्शनीत निघाले तरी ताठा अंगात तसाच होता. भाजीवालीलाही ते "तुझं म्हणणं ऐकून घेतलं, आता जा" म्हणत. जन्मभर साहेबापुढे वाकून झालं होतं, त्याचं उट्टं ते घरात काढत. इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परसातली कबुतरांची ढाबळ खरी त्यांच्या पत्नीची, अक्कांची. भडगावहून, माहेरून, दुरडीत घालून आणलेल्या एका जोडीची सोळा कबुतरं झाली होती. कोणतं कुठल्या फळीवर बसतं हे अक्कांना पाठ होतं. थंडीआधी त्या ढाबळ खरवडून काढत, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर देत, कोरडा भुसा पसरत. वाऱ्याच्या अंगाला पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कूड लावत. वरचा झरोका मात्र त्या कधीच बंद करत नसत.

एका वर्षी नानांनी हे काम स्वतःकडे घेतलं. कुणा साहेबाच्या बंगल्यावरचा बंदिस्त कबुतरखाना त्यांनी एकदा फाटकातून पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर त्यांनी झरोका रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यानं ठोकून बंद केला, फटी शेणमातीनं लिंपल्या आणि दारावर अक्कांची माहेरची गोधडी खिळ्यांनी मारली. शेणमाती मी कालवली.

अक्का म्हणाल्या, "कबुतरसले थंडी बाधस नही, वल बाधस. वारा लागू द्या."

"आमच्या कचेरीत वाऱ्यालासुद्धा परवानगी लागायची," नाना म्हणाले. "तुला काय कळतं? विचार मास्तरांना."

आता खरं सांगायचं तर मला कळत होतं. एदलाबादेला आमच्या घरी कबुतरं होती. कोंडलेल्या ढाबळीत त्यांच्याच श्वासानं ओल धरते आणि छाती भरून ती मरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी मी मान हलवली.

आठवडाभरात आतून खरखर ऐकू येऊ लागली. कबुतरं चोच उघडी टाकून बसत. मग रोज सकाळी एखाद-दुसरं खाली पडलेलं सापडे. नानांचा उपाय एकच, आणखी लिंपा! अक्का मेलेलं कबूतर पदरात घेऊन जांभळीखाली पुरत आणि परत येऊन भुसा बदलत.

एका सकाळी त्यांनी दारावरच्या गोधडीचं टोक उलटं करून नानांपुढे धरलं. आतली बाजू पिळावी इतकी ओली होती. "हात लाई दखा. पानी उनं नही, मंग हाई वल कोठून उनी?"

"दव," नाना म्हणाले. "थंडीच तशी आहे. थंडीनंच मरताहेत. काय मास्तर?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एका शब्दाची गरज होती. नवऱ्यापुढे त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, माझ्या शब्दाला होती. मी चहाची बशी खाली ठेवली आणि नानांकडे बघून मान हलवली.

अक्का घरात गेल्या. आठ दिवसांनी नाना पेन्शन आणायला बाहेर पडले तेव्हा त्यांनी एकटीनं गोधडी ओढून काढली, लिंपण फोडलं, कोयत्यानं पत्रा उचकटला. तोवर चारच उरली होती. ती जगली. नाना पुढं येईल त्याला सांगत, "माझा बंदोबस्त होता म्हणून निदान चार तरी वाचली. विचारा मास्तरांना."

या माणसाची मला किळस येई. पण माझी मान काही हलायची थांबली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी नाना वारले. मी तेव्हा दुसऱ्या घरी राहत होतो. दहाव्याला गेलो तर मंडळी त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत होती. मंडळी उठल्यावर अक्का परसात ज्वारी टाकायला गेल्या, मी मागोमाग गेलो. झरोका उघडा होता. आत बरीच कबुतरं घुमत होती.

ओंजळ रिकामी करून त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"मास्तर, तुमले मालूम व्हतं ना?"

मी मान हलवली.