घरातून एक जण

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे. तिथं मी माणसांचं खातं सांभाळते. एचआर म्हणतात त्याला. पूर्वी या खात्यात माझ्यासोबत आणखी दोघं होती, आता मी आहे आणि संगणकातली एक सिस्टीम आहे. फाटकावरचं यंत्र चेहरा बघून हजेरी लावतं. सिस्टीम रजा मंजूर करते, आणि कोण टिकणार, कोण सोडून जाणार याचा अंदाजही सांगते. मला तिचा राग नाही. हजेरीच्या भांडणांत माझी निम्मी नोकरी गेली होती, ती कटकट तिनं संपवली. फक्त ती माझ्याआधी बोलते, हे मला खपत नाही.

भाताच्या झोडणीचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते. सकाळीच फाटकावरचं यंत्र कोकलायला लागलं म्हणून मी बाहेर गेले. यंत्रासमोर एक अनोळखी बाई उभी होती आणि तिच्या गळ्यात आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईचं ओळखपत्र होतं. चोरीचा मामला म्हणावा, तर ही बाई यंत्रालाच समजावत होती.

"तिची धाकटी जाव हाय ही," वॉचमन म्हणाला. "वैशाखऱ्यावरना आलीय. सांगून सांगून दमलो, ऐकतच नाय."

"मॅडम, आज आमच्याकडं झोडणी हाय," ती म्हणाली. "खळ्यावर थोरलीला थांबायलाच लागतं. तिच्या बदली मी आले. तुमचा काम कशाला अडवायचा?"

मला हसू आवरेना. मी याच तालुक्यातल्या धसई गावची, मला यातलं सगळं ठाऊक. भाताच्या कामाला आमच्याकडे घरं एकमेकांना मदत करतात. आज तुमच्या खळ्यावर आमच्या घरातून एक जण, उद्या आमच्या खळ्यावर तुमच्या घरातून एक जण. कोण आलं हे कुणी विचारत नाही. सून आजारी असली तर सासू येते, आणि कुणाचं तोंड वाकडं होत नाही. या जावांनी नोकरीलाही तोच हिशेब लावला होता. कारखान्याला घरातून एक माणूस द्यायचं, ते त्यांनी दिलं.

सिस्टीमला धसई माहीत नाही. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आत शिरण्याचा प्रयत्न, असा शेरा थोरलीच्या नावापुढे लागला आणि खाली शिफारस आली, कामावरून कमी करावे. थोरली म्हणजे बस चुकली तर टेम्पोला हात दाखवून वेळेवर पोचणारी बाई. त्या घराला भात पोटापुरतं होतं, पण मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना तिच्या पगारावर चालायचा. ती नोकरी गेली असती तर पोरं शाळेतून निघाली असती.

त्या दिवशी नव्या भरतीच्या चाचण्या चालू होत्या. धाकटी एवढ्या लांबून आलीच आहे तर बसू दे, म्हणून मी तिलाही बसवलं. झाकणं मोजून पिशवीत भरायची, पिशव्या खोक्यात रचायच्या. तिचे हात असे काही चालले की बाकीच्या बाया आपलं काम सोडून बघत राहिल्या. सिस्टीमनं तिला पहिला नंबर दिला. संध्याकाळी हेड ऑफिसचे साहेब पडद्यावर आले ते हसतच.

"मॅडम, प्रश्नच मिटला. थोरलीला काढा, धाकटीला घ्या. सिस्टीमही तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी मी दोघींना समोर बसवलं आणि साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. थोरली जावेला म्हणाली, "घे गो. घरातच ऱ्हातेय ना नोकरी."

धाकटीनं कालपासून आपल्याच गळ्यात असलेलं ओळखपत्र काढून थोरलीच्या मांडीवर ठेवलं.

"मी तिच्या बदली आले, मॅडम. तिची जागा घ्यायला नाय आले."

त्या दोघी गेल्यावर मला राग आला. माझा राग कामाचा असतो, तो आला की डोकं साफ चालतं. मी साहेबांना फोन लावला आणि त्यांना मध्ये बोलूच दिलं नाही. म्हटलं, दर वर्षी लावणीला आणि झोडणीला आपलं पॅकिंग ओस पडतं. मग तुम्ही मला कल्याणहून ठेकेदाराची माणसं आणायला लावता. ती चार दिवस टिकत नाहीत. इथं एक घर सांगतंय की आमची जागा रिकामी राहणार नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून तुम्ही त्यांच्यातलीच एक काढताय? न शिकलेला माणूस यंत्राशी उभा करायचा नाही, कबूल. मग धाकटीलाही शिकवू. जागा एक, बाया दोन, दोघींचे चेहरे यंत्रात. जी येईल तिचा त्या दिवसाचा पगार. पुढं सगळीकडे हेच होणार आहे. तुम्ही त्याला छान नाव द्याल आणि मुंबईत भाषणं कराल. आमच्याकडे ते कधीपासून चालू आहे.

साहेब एवढंच म्हणाले, "लिहून पाठवा."

मी त्याच दिवशी लिहून पाठवलं. होकार येणार याची मला खात्री होती. तरी आठवड्याभरानं तो आला, तेव्हा खुर्चीत बसवेना. शेरा पुसला होता आणि जोडीची जागा पुढच्या झोडणीपर्यंत करून बघायला परवानगी होती. निर्णय होईपर्यंत थोरलीला कामावर यायची मनाई होती आणि त्यांच्या पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून मी स्कूटर काढली आणि थेट वैशाखऱ्याला गेले.

त्या दिवशी शेजाऱ्यांचं खळं चालू होतं आणि दोघी जावा तिथं भारे झोडत होत्या. मी सांगितलं. धाकटी जोरात ओरडली. थोरलीनं पदरानं तोंड पुसलं, हसली, आणि पुसतच राहिली. मला नुसतं उभं राहवेना. मीही पदर खोचून दोन-चार भारे झोडले आणि केसांत भाताचा कोंडा भरून घेतला. सगळ्या माझ्या झोडण्याला हसल्या, आणि हसण्यासारखंच होतं ते.

निघताना थोरली स्कूटरपर्यंत आली.

"मॅडम, तुमी आमच्यासाठी आलाव. खळ्यावर हात पण लावला. आता तुमच्याकडं काय पण निघालं, लगीन असू दे, आजारपण असू दे, नुसता निरोप धाडा. आमच्या घरातून एक जण येल."

मी हो हो म्हटलं आणि निघाले. वाटेत टोकावड्याच्या अलीकडे मात्र मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. इतकी वर्षं मी रिकाम्या जागांवर माणसं आणून उभी करते आहे. माझ्यासाठी कुणी येईल, असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं.