इंजिन बदलावं की टर्बो बसवावा

निर्णय घेऊन कष्ट करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. निर्णय न घेता तेवढेच कष्ट उपसणारा माणूस निपाणीपासून बेळगावापर्यंत मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. दाजींनी आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत प्रतवारी केली. पान चिमटीत चुरगळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "उद्या परत बघू." वखारीत या वाक्याचा दरारा होता. घरात मात्र आक्का कपाळाला हात लावायची, कारण दाजी वांगी घेतानाही उद्या परत बघू म्हणत आणि आठवडी बाजार आठवड्यातून एकदाच भरतो.

त्यांच्याकडं एक जुनी, उंच, चौकोनी डिझेल गाडी होती. एसयूव्ही हा शब्द आमच्या भागात येण्याआधीची, म्हणून आम्ही तिला जीपच म्हणायचो. दहा माणसं पोटात घ्यायची, चिखलाला भ्यायची नाही, पण चढ दिसला की तिचा जीव जायचा. आणि निपाणीहून बेळगावला यायचं तर तवंदीचा घाट चढल्याशिवाय गत्यंतर नाही. एकदा त्या घाटात दाजी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चालले असताना एक टेंपो त्यांना मागं टाकून गेला. टेंपोत पाठीमागं तोंड करून एक म्हैस उभी होती. ती वळण येईपर्यंत रवंथ करत दाजींकडं बघत राहिली. "बघू दे की, म्हस हाय ती," आक्का म्हणाली. पण दाजींना ते लागलं. "रागानं बघितली असती तर चाललं असतं गं," ते पुढं कित्येक वर्षं सांगत, "तिच्या नजरंत दया हुती."

त्या दिवसापासून दाजींच्या आयुष्याला ध्येय मिळालं: तवंदीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा. मार्ग दोन होते. एक, गाडीचं इंजिनच उतरवून त्याच कंपनीचं नंतरच्या मॉडेलचं, मुळातच टर्बोवालं इंजिन बसवायचं. दोन, आहे त्याच इंजिनाला बाहेरून टर्बो जोडायचा. दाजींनी शंभर पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला इंजिन लिहिलं, दुसऱ्या बाजूला टर्बो. इंजिन बदललं तर गिअरबॉक्स जुळवायचा, माउंटिंग नव्यानं मारायचं, वर आरटीओत जाऊन पुस्तकावर नोंद करून आणायची. टर्बो बसवला तर जुन्या पिस्टनना तो दाब सोसवेल का, हेड तापणार, रेडिएटर पुरणार नाही. निपाणीचा मिस्त्री म्हणाला इंजिन, बेळगावचा म्हणाला टर्बो. संकेश्वरच्या एका कन्नड मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हळूच मिटून म्हणाला, "बिडरी सावकार," म्हणजे सोडून द्या हो. दाजींनी वहीत तिसरा रकाना पाडून त्याचंही मत लिहून ठेवलं.

दाजींचं वेगळेपण असं, की ते नुसता विचार करत नसत, विचाराला कामाला लावत. गाडीला ताकद किती लागेल हे काढायला तिचं खरं वजन कळायला हवं, म्हणून ऐन हंगामात ते साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. काट्यावरचा माणूस म्हणाला, "ऊस कुठाय?" दाजी म्हणाले, "ऊस न्हाय, बायको हाय. एकदा तिला धरून करा, एकदा उतरवून." आक्काचं वजन वजाबाकीनं साऱ्या रांगेला कळलं. त्यानंतर महिनाभर ती त्या गाडीत बसली नाही. तो महिना दाजींनी वाया घालवला नाही. नवं इंजिन जुन्यापेक्षा साठ किलोनं जड असेल असा त्यांचा अंदाज होता, म्हणून तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं त्यांनी पुढच्या बंपरवर बांधलं आणि गाडीला सवय व्हावी म्हणून सगळीकडं तशीच फिरवली. गाडी नाक जमिनीला लावून वास घेत चालल्यासारखी दिसायची. कोणी विचारलं की पोत्यावर थाप मारून सांगायचे, "इंजिन हाय. ट्रायलवर हाय."

टर्बो म्हणजे काय हे त्यांनी आक्काला चुलीपुढं फुंकणी हातात घेऊन समजावलं होतं. "इंजिनाचा धूर बाहेर वाया जातुय बघ. त्याच धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा, आन् त्या पंख्यानं हवा कोंबायची आत. फुंकणीच ही!" आक्कानं त्यांच्या हातातून फुंकणी काढून घेतली आणि म्हणाली, "मग घाटात तुमीच बसा की म्होरं फुंकत."

मी या सगळ्याकडं हसून बघणारा माणूस होतो. एका शाळेच्या कचेरीत नोकरी, बोलायचं कमी, मत द्यायचं त्याहून कमी. पण दाजींचा माझ्यावर भारी विश्वास, माझ्यावर म्हणजे माझ्या कानांवर. आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं, विणकरांचं. लहानपणी पुस्तक घेऊन बसल्या बसल्या चार मागांतला कोणता धोटा आता अडकणार, हे मला आवाजावरून कळायचं. दाजींचा डावा कान पन्नाशीतच बसला होता. त्यामुळं गाडीत काहीही कुरकुरलं की फोन यायचा, "पावणं, येऊन ऐकून जावा." मी जायचो, ऐकायचो, सांगायचो, आणि ते डोळे मिटून मानायचे. 'उद्या परत बघू' हे वाक्य त्यांनी मला कधीही ऐकवलं नाही.

कोल्हापुरात जुन्या गाड्या मोडणाऱ्या एकाकडं हवं तेच इंजिन आल्याचं त्यांना कळलं. गाडी मागून चेपलेली, इंजिनाला धक्का नाही. "पावणं, तुमी ऐकून या. तुमी हो म्हटलासा की घेतलं. वही मिटली," दाजी म्हणाले. मी गेलो. त्या माणसानं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून चालू करून दाखवलं. मी डोळे मिटून उभा राहिलो. यंत्राचा इतका समजूतदार आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

येताना मी एसटीत बसून हिशेब घातला. इंजिन घेतलं की गाडी दोन महिने मिस्त्रीकडं उघडी पडणार. आणि त्याच दोन महिन्यांत माझ्या मुलीचं लग्न होतं. गावोगाव पत्रिका वाटायच्या, बस्ता आणायचा, पाहुणे स्टेशनवरून आणायचे. गाडी दाजींची, चालवणार दाजी. मागावं एवढं तोंड मला नव्हतं, न मागताही ते देणार हे माहीत होतं. निपाणीत उतरून मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "खालून ठोका येतोय दाजी, आतून झिजलंय ते."

"व्हय?" एवढंच म्हणाले. चेहरा जरा उतरला. मग आक्काकडं वळून, "बघ, कान शहापूरचा हाय, चुकायचा न्हाय. वाचिवलं बघ आपल्याला."

लग्नात ते माझ्यासाठी राबले. बेळगुंदीपासून खानापुरापर्यंत पत्रिका वाटल्या. प्रत्येक घरी चहा येईपर्यंत टर्बो समजावून सांगितला. व्याह्यांनाही सांगितला. मुलगी सासरी गेल्यावर आठवड्याभरानं त्यांनी मला विचारलं, "पावणं, त्यो ठोका किरकोळ हुता का वो? ते इंजिन अजून हाय म्हणं तितं." माझं काम झालं होतं, गाडी मोकळी होती. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. पण मग आधीचं खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "किरकोळ नव्हता." पहिलं खोटं गरजेपोटी बोललो, असं मी स्वतःला समजावू शकतो. या दुसऱ्याला माझ्याकडं नाव नाही.

पुढं अकरा वर्षं दाजी टर्बोचा विचार करत राहिले. तसं इंजिन पुन्हा मिळालं नाही. दोन वह्या भरल्या. मग डोळ्यांचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, आणि जीप बेळगुंदीच्या एका शेतकऱ्यानं रताळी वाहायला नेली. तवंदीचा घाट तिनं शेवटपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच चढला.

यंदा डोळे दाखवायला मी त्यांना माझ्या छोट्या गाडीतून बेळगावला आणत होतो. घाट लागला. आताचा रुंद रस्ता, आताची गाडी. चढ आहे हे कळतसुद्धा नाही. दाजी शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. समोर बघतच मी सगळं सांगून टाकलं: इंजिन चांगलं होतं, ठोका नव्हता, लग्नासाठी बोललो, आणि नंतर भीतीनं.

गाडी घाटमाथ्यावर पोचली. दाजी म्हणाले, "कडंला घे." खाली उतरले. काठाशी उभे राहून चढून येणाऱ्या गाड्यांकडं बघत राहिले. दिसत कितपत होतं कोण जाणे. मी मागं उभा होतो. मग वळून म्हणाले, "गाडी पायजे म्हणायचं न्हाईस व्हय रं? दोन म्हयनं थांबलो असतो की मी." अकरा वर्षं थांबलेला माणूस हे म्हणत होता. मला त्यांच्याकडं बघवेना. तेच पुढं म्हणाले, "चल. डाक्टर बसलं असतील."

आक्काला त्यांनी काही सांगितलेलं नाही, हे मला मागच्या रविवारी कळलं. मी निपाणीला गेलो होतो. परसात पाण्याची मोटर चालू केली तर काहीतरी घरघरू लागलं. दाजी उजवा कान पुढं करून वाकले, बराच वेळ ऐकलं, त्यांना उमजेना.

"तू ऐक गं जरा," ते आक्काला म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं? हा बसलाय की हितं, ह्याला इचारा."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग पुन्हा मोटरीकडं वळून मऊ आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चा पिऊ दे त्याला निवांत."