बिनविरोध

आज पेपरात कुठल्याशा गावची निवडणूक बिनविरोध झाल्याची बातमी वाचली आणि मुरुडजवळचं आमचं गाव आठवलं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ होता. वडिलांनी सरपंचाविरुद्ध अर्ज भरला, तेव्हा गावातली चार मोठी माणसं आमच्या बौद्धवाड्यात येऊन म्हणाली, "गावात भांडणं नगंत." वडिलांनी अर्ज मागं घेतला आणि सरपंच बिनविरोध निवडून आले. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, तो सरपंचाच्या आडातच रिकामा व्हायचा. आमच्या बाया कोसभर लांबून पाणी आणायच्या. आई सात महिन्यांची गरोदर होती. एका दुपारी ती भरल्या घागरीसकट पडली आणि बाळ गेलं. तिसऱ्या दिवशी वडील मला घेऊन सरपंचाकडं गेले. "टँकर आमच्याकडं का येत न्हाई?" त्यांनी विचारलं. सरपंच चिडले नाहीत. म्हणाले, "मी मत मागाया आलतो का तुझ्या दारी? मग मला कशाचा जाब इचारायलास?" वडील मला घेऊन परत फिरले. पुढच्या निवडणुकीत मात्र त्यांनी अर्ज भरला आणि शेवटपर्यंत ठेवला. ते पडले. पण त्या वेळी सरपंच पहिल्यांदा हात जोडत आमच्या दारोदार फिरले आणि मतदानाआधीच बौद्धवाड्यात हापसा बसला. पहिलं पाणी आलं तेव्हा सगळे हसत होते. आई घागर भरून उठली आणि वडिलांना हळूच म्हणाली, "तवाच अर्ज मागं घेतला नसता तर..." वडिलांनी तिच्या हातातली घागर घेतली. आज दोघंही नाहीत, आणि आईचं ते वाक्य मला अजून पुरं करवत नाही.