शिशाच्या विटांवरील राख

१५ ऑक्टोबर १९८६, सकाळी सव्वादहा. दसऱ्याची सुट्टी संपवून निपाणीहून बेळगावला परतलो आणि महाविद्यालयाच्या तळघरातील प्रयोगशाळा उघडली. किरणोत्सार मोजणाऱ्या जर्मेनियमच्या शोधकाची नोंद पाहिली. सहा दिवसांपूर्वी शांत असलेल्या आलेखावर पोटॅशियमचे शिखर उभे होते.

जर्मेनियमच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत आणि न्यूट्रिनो एकही पडू नये, अशी घटना खरोखर घडते काय, हे आम्ही शोधत होतो. आसपासच्या मातीदगडांतील किरणोत्सार त्यात मिसळू नये म्हणून शोधकाभोवती शिशाच्या विटांचे कवच होते. सप्टेंबरभर खपून मी त्यात कमी किरणोत्सारी अशा जुन्या शिशाचा आतला थर वाढवला होता. शोधक उसना होता. डिसेंबरअखेर परत द्यायचा होता.

त्या विटा ओतणारे उद्यमबागेतील कारखान्याचे मिस्त्री सुट्टीत शोधक थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन भरून जात. त्यांना बोलावून कवच उघडले. आतल्या प्रत्येक विटेवर राखेची तीन बोटे, मध्ये कुंकू.

"हे काय?"

"खंडेनवमी झाली न्हवं, सर? आमी लेथसुदिक पुजतोय. आन् येवढं महागाचं यंत्र बिनपूजेचं ठेवायचं व्हय?"

"बाहेरून पुजायचे होते."

"बाहेरनं पुजून काय उपेग? काम तर आत करतंय."

राखेतले पोटॅशियम एकटे असते तर सोसले असते. त्याचे शिखर आलेखावर आम्हांला हव्या त्या जागेच्या अलीकडे, कमी ऊर्जेला येते. परंतु शेणाच्या राखेबरोबर मातीतील थोरियमही आत आले होते, आणि त्याची घाण नेमकी आमच्या जागेवर पसरते. सहा दिवसांची मोजणी रद्द केली. पुसल्यावरही शिशाच्या खाचांत किती उरले, हे महिनाभर मोजल्याविना कळणार नव्हते. हाती महिने अडीच.

"पुसा," मी म्हणालो.

"लावल्यालं पुसायचं माझ्या हातानं व्हायचं न्हाय. विटा उचलून देतो."

त्यांनी दिल्या. मी पुसल्या, आधी ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने. चौसष्ट विटा. दुपारचे जेवण राहिले. पाठ धरली. शेवटची वीट रचून झाली तेव्हा पाच वाजले होते. बादली उचलताच मिस्त्री दारात आडवे आले.

"गटारात न्हाय, सर. झाडाच्या बुडात वता."

आवारातील चिंचेच्या बुंध्याशी पाणी ओतले. परत येऊन नायट्रोजन भरला, मोजणी शून्यावर आणली, दार ओढून कुलूप लावले आणि मिस्त्रींकडची दुसरी किल्ली मागून घेतली.