बाराची घंटा

मंडळी, आज आमच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापकांच्या सभेत कुलगुरू फादरांनी पुढच्या वर्षीचे बदल सांगितले. तासिका लांबणार, म्हणून दुपारी बाराची प्रार्थनेची घंटा बंद.

"तुम्ही बरेचजण ख्रिस्ती नाही. आमच्यासाठी तुमचा तास का मोडावा?" ते संकोचून म्हणाले.

मग उर्दू शिकवणाऱ्या रझिया आपा उठल्या.

"नक्को फादर! वो घंटी पे मैं सबके वास्ते दुआ करतूँ. आपके घुटनों के वास्ते भी!"

फादर हसले, मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आम्ही सगळ्यांनी हात वर केले आणि घंटा राहिली.

मी त्या मिनिटात प्रार्थना करत नाही, फक्त आईची आठवण काढते. तेवढ्यासाठी मी हात वर करणं बरोबर होतं का? तुम्हाला काय वाटतं?