वरच्या मजल्यावरची सख्खी बहीण

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. यांच्याजवळही नाही. तुम्हाला सांगतेय, तरी आधी उठून दाराची कडी बघून आले — वेडेपणाच, पण भीती अशीच असते ना?

आम्ही इथे राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. वरच्या मजल्यावर रिनी होती. मिझोरमची, माझ्याच ऑफिसात. बाहेर घर शोधताना मालक तिचा चेहरा बघूनच नाही म्हणायचे. त्यामुळे क्वार्टर मिळालं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली होती. धाकटी बहीण तिच्यासोबत राहायची.

आणि आमच्या मागच्या खोलीत — हे सांगायलाच हवं — एक नर्स होती. भाड्याने. भाडेकरू ठेवला की क्वार्टर काढून घेतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ठेवली. हाव, दुसरं काय?

एका सकाळी तपासणीची माणसं दारात. "भाची आहे," मी सांगून टाकलं. नर्स दिसायला आमच्यासारखीच. त्यांच्यातल्या साहेबांनी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. अच्छा म्हणाले आणि शेजारीण म्हणून मलाही वर घेऊन गेले.

वर मात्र दोघी बहिणींची ओळखपत्रं मागितली. आडनावं जुळेनात. अहो, जुळणार कशी? त्यांच्यात घराण्याचं आडनावच नसतं, रिनीनेच मला चहा पिता पिता समजावलं होतं. आताही ती तेच सांगत होती आणि साहेब हसत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, ये सच में बहन है?"

एक हो पुरलं असतं. पण मी हिची बाजू घेतली आणि ते पुन्हा खाली आले तर? नर्सला दोन प्रश्न विचारले तर?

"मुझे क्या पता, भैया," मी म्हणाले. "इनके यहाँ तो कोई ना कोई आता रहता है।" — खोटं. साफ खोटं.

रिनीचं क्वार्टर गेलं. नर्सला मी त्याच आठवड्यात जायला सांगितलं. आजही बेल वाजली की मी लगेच दार उघडत नाही. साहेब आले असतील म्हणून नाही — रिनी आली असेल म्हणून.

मुनिरकातल्या भाड्याच्या एका खोलीत सामान हलवताना ती निरोप घ्यायला आली होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, नाही?

"दीदी," ती म्हणाली, "वो नाम वाली बात आप भूल गई होंगी।"

"हाँ," मी म्हणाले, "भूल गई थी।"

तिने सांगितलेला शब्द न् शब्द मला आठवत होता.