ॲपमध्ये ऊब, शेडमध्ये कडाका

चौथीत आमचा सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे. आज सकाळी तोच सूर कानात घुमला, कारण पोल्ट्रीतली सगळी पिल्लं एकदम चिवचिवत होती. मला तर गोड वाटलं, मित्रहो! आत जाऊन पाहतो तर ती कोपऱ्यात एकमेकांवर चढून कुडकुडत होती. खालची चेंगरत होती.

मोबाईलवर चालणाऱ्या नव्या थर्मोस्टॅटने हीटर बंद करून ठेवलेला. ॲप म्हणे, शेड गरम आहे! बंद करून चालू केलं, राउटर काढून लावला, सेन्सर पुसला. ढिम्म.

कंपनीला फोन लावला.

"सर, आमच्याकडे सगळं नॉर्मल दिसतंय."

"अहो बाई, इथे माझ्या तोंडातून वाफ निघतेय! हीटर थेट जोडून घेऊ का?"

"मग वॉरंटी जाईल, सर. टेक्निशियन उद्या येईल."

उद्या! मागून बायको कडाडली, "पिल्ले थंडीमा मरी ऱ्हायनात, नि तुम्ही फोनवर काय बोली ऱ्हायनात!"

डोळ्यांसमोर पिल्लं मरतायत, आणि खरं कोणाचं मानायचं, तर ॲपचं! सांगा, याला स्मार्ट म्हणायचं तरी कसं?

फोन आपटणार, तोच शेडचं दार वाजलं. दारात शेजारचा दिलीप उभा. बांधावरून भांडण झाल्यापासून तो आमच्याकडे बघतही नव्हता. मागे हातगाडीवर शेड तापवायची त्याची कोळशाची बुखारी, पिल्लांचा कालवा ऐकून पेटवूनच आणलेली.

"राग मंग काढा, काका," तो म्हणाला. "पहिले पिल्ले वाचाडा."